भट्टीशिवाय शेंगदाणा-चॉकलेट पाय

साखरखेर्डा परिसरात ज्यांच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकते, त्यांना उन्हाळी भुईमूग घेता येतो. दाण्याचा कूट, चटणी, चिक्की आपण करतोच. त्याच दाण्यांपासून शेंगदाण्याचे लोणी, म्हणजे पीनट बटर, आणि त्याचा ‘पाय’ हा थंड गोड पदार्थ घरी करता येतो. यास भट्टी लागत नाही; मात्र फ्रीज हवा.

दाण्याची निवड

या पदार्थाची खरी मेहनत शेतातच सुरू होते. उन्हाळी भुईमुगाची काढणी मे-जूनमध्ये येते व वळवाच्या पावसात शेंगा भिजतात. ओलसर शेंगांवर हिरवट-पिवळी बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते यकृतास घातक असून त्यामुळे कर्करोग होऊ शकतो. सन १९६० मध्ये इंग्लंडमध्ये असे विष असलेली भुईमुगाची पेंड खाऊन १ लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. भाजल्याने हे विष पूर्णपणे नष्ट होत नाही. म्हणून,

१. उपटलेले वेल शेंगा वर येतील असे उलटे ठेवून वाळवावेत.
२. दाण्यातील ओलावा ८ टक्क्यांपर्यंत आणावा. शेंग हलवल्यास दाणा खुळखुळला पाहिजे.
३. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत.
४. सुरकुतलेले, काळपट, फुटके, बुरशीचे दाणे निवडून फेकावेत. ते जनावरांनाही घालू नयेत.

लोणी

निवडलेले ३०० ग्रॅम दाणे मंद आचेवर १२ ते १५ मिनिटे भाजावेत, गार करून साले पाखडावीत. अर्धा चमचा मीठ घालून मिक्सरमध्ये थांबत थांबत वाटावे. आधी कूट, मग गोळा आणि शेवटी तेल सुटून मऊ लोणी होते. दाण्यात ४५ ते ५० टक्के तेल असल्याने वरून तेल घालू नये. ठेवल्यावर तेल वर आले तर ते खराब झाले असे समजू नये, ढवळून घ्यावे.

पाय

पाया: १५० ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांचा चुरा ७० ग्रॅम वितळलेल्या लोण्यात कालवून काठाच्या ताटात घट्ट थापावा.

सारण: अर्धा लिटर दही रात्रभर फडक्यात टांगून चक्का करावा. त्यात २०० ग्रॅम शेंगदाण्याचे लोणी व १०० ग्रॅम पिठीसाखर घोटून पायावर पसरावे.

चॉकलेटचा थर: १५० मि.लि. दूध, २५ ग्रॅम कोको, ६० ग्रॅम साखर व २ लहान चमचे कॉर्नफ्लोअर गुठळ्या मोडून एकत्र करावे. ढवळत दाट होईपर्यंत शिजवावे, कोमट झाल्यावर सारणावर ओतावे. ताट किमान ४ तास फ्रीजमध्ये ठेवून तुकडे करावेत.

काळजी

सारणात दही असल्याने पाय थंड ठेवून २ दिवसांत संपवावा. शेंगदाण्याची अॅलर्जी असणाऱ्यांना देऊ नये. विक्री करावयाची असल्यास अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्यावी.

भट्टी नको, पण निवडणे चुकवू नका. खराब दाणा साखरेने किंवा चॉकलेटने झाकला जातो, सुधारत नाही.