लिनक्स अडखळतंय? आधी खोळंबा कुठे आहे ते बघा

मागे मोठी फाइल कॉपी होत असते आणि पुढे ब्राउझर थिजतो. ‘प्रोसेसर कमी पडतोय’ हा निष्कर्ष लगेच निघतो, पण बऱ्याचदा तो चुकीचा असतो. कर्नल 4.20 पासून ‘प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन’ ही सोय आहे. प्रॉकमधल्या प्रेशर फोल्डरात सीपीयू, मेमरी आणि आयओ यांच्या फाइली असतात. कामं कशापायी किती टक्के वेळ खोळंबली, याची 10, 60 आणि 300 सेकंदांची सरासरी त्या सांगतात. मशीन अडखळत असतानाच त्या वाचा. सीपीयूचा आकडा किरकोळ आणि आयओचा चढा असेल, तर ‘नाइस’ लावून फारसं साधणार नाही. ते मुख्यतः प्रोसेसरच्या वाटणीसाठी आहे.

आयओ चढण्याचं एक कारण असं: लिनक्स लिहायचा डेटा आधी रॅममध्ये साठवतं. या साठ्यावरची ‘डर्टी रेशो’ ही मर्यादा मुळात उपलब्ध मेमरीच्या 20 टक्के असते, 16 जीबीच्या मशीनवर ती 2-3 जीबी भरू शकते. संथ पेनड्राइव्हवर तेवढं उतरेपर्यंत इतर कामंही ताटकळू शकतात. म्हणून त्याऐवजी ‘डर्टी बाइट्स’ आणि ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ या मर्यादा काहीशे एमबीवर आणा. यावर आक्षेप येतो की कॉपी मंदावेल. पट्टी हळू सरकेल हे खरं, पण पेनड्राइव्हचा वेग तोच राहतो. आधीची पट्टीच फसवी होती. मात्र तात्पुरत्या फाइली सतत बनवणाऱ्या कामांना मोठ्या साठ्याचा फायदा होतो, म्हणून मर्यादा अगदी तळाला नेऊ नका. आणि चढा आकडा मेमरीचा असेल, तर हा उपाय नाहीच. तिथे मागच्या कामाच्या मेमरीला सिस्टमडीतून ‘मेमरी हाय’ची मर्यादा घाला.