विधिशिक्षणातील कौटुंबिक, आंतरराष्ट्रीय व व्यापारविषयक कायदा

वकिली, न्यायदान, शासकीय सेवा आणि उद्योगव्यवहार यांसाठी लागणारे कायद्याचे पद्धतशीर ज्ञान देणारे उच्च शिक्षण म्हणजे विधिशिक्षण होय. भारतातील विधी महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात संविधान, गुन्हे, पुरावा व दिवाणी प्रक्रिया यांच्या जोडीला कौटुंबिक कायदा, आंतरराष्ट्रीय कायदा आणि व्यापारविषयक कायदा या तीन शाखांना महत्त्वाचे स्थान आहे. कायद्याचे तीन भिन्न उगम या शाखांतून विद्यार्थ्यास कळतात : कौटुंबिक कायदा धर्मग्रंथ, रूढी व अधिनियम यांतून, आंतरराष्ट्रीय कायदा राष्ट्रांमधील करार व प्रथा यांतून, तर व्यापारविषयक कायदा मुख्यतः पक्षांची संविदा व अधिनियम यांतून निर्माण होतो. अध्यापनाच्या सोयीसाठी हे विषय स्वतंत्रपणे शिकविले जात असले, तरी प्रत्यक्ष वादांत ते एकमेकांत गुंतलेले आढळतात. अभ्यासक्रमातील विभागणी आणि जीवनातील ही गुंतागुंत यांचा मेळ कसा घालावा, हा भारतीय विधिशिक्षणापुढील एक महत्त्वाचा प्रश्न होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेनुसार विवाह, वारसा, जाती व धार्मिक बाबी यांसंबंधीच्या वादांत हिंदूंना शास्त्रांचा व मुसलमानांना कुराणाचा कायदा लागू करण्याचे ठरले. त्यामुळे इंग्रज न्यायाधीशांना प्रारंभी पंडित व मौलवी यांच्या मतांवर विसंबावे लागे. पुढे कोलब्रुक याने मिताक्षरा व दायभाग यांतील वारसाविषयक भागांचे इंग्रजी भाषांतर केले (१८१०). पश्चिम भारतात नीळकंठाचा व्यवहारमयूख हा ग्रंथ विशेष प्रमाण मानला जाई. विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी त्याची संहिता व भाषांतर १८८० मध्ये प्रसिद्ध केले. अशा रीतीने कौटुंबिक कायदा हा भारतात प्रथम भाषांतरित ग्रंथांच्या व नंतर न्यायनिर्णयांच्या द्वारे शिकविण्याचा विषय बनला.

औपचारिक विधिशिक्षणास मुंबईत १८५५ मध्ये प्रारंभ झाला. सर अर्स्किन पेरी यांच्या सन्मानार्थ स्थापन झालेल्या न्यायशास्त्राच्या प्राध्यापकपदातून आजचे शासकीय विधी महाविद्यालय विकसित झाले. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाल्यावर विधिशिक्षण विद्यापीठांच्या कक्षेत आले. पुण्यात इंडियन लॉ सोसायटीचे विधी महाविद्यालय १९२४ मध्ये सुरू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे केंद्रीय विधिमंत्री या नात्याने त्यांनी हिंदू संहितेचे विधेयक पुढे नेले आणि ते रखडल्यामुळे १९५१ मध्ये मंत्रिपदाचा त्याग केला. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाने (१९३०–६२) हिंदू कायद्याच्या अभ्यासास व्यापक ऐतिहासिक बैठक दिली.

ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ या अधिनियमाने विधिशिक्षणाचा दर्जा ठरविण्याचे कार्य विद्यापीठांशी विचारविनिमय करून भारतीय बार कौन्सिलकडे सोपविले. बंगळूर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या स्थापनेनंतर (अधिनियम १९८६, अध्यापनारंभ १९८८) बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या एकात्म अभ्यासक्रमास चालना मिळाली. महाराष्ट्रात २०१४ च्या अधिनियमान्वये मुंबई, नागपूर व औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे स्थापन झाली. पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रमही चालू आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार कौटुंबिक कायद्याच्या दोन व संविदा कायद्याच्या दोन अभ्यासपत्रिका, कंपनी कायदा आणि सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा हे विषय अनिवार्य आहेत. व्यापार व आंतरराष्ट्रीय कायदा यांतील विशेष विषय ऐच्छिक गटांत येतात.

कौटुंबिक कायदा : या विषयाच्या पहिल्या अभ्यासपत्रिकेत सामान्यतः विवाह, घटस्फोट, पोटगी, पालकत्व व दत्तक आणि दुसरीत एकत्र कुटुंब, वारसा व मृत्युपत्र यांचा अंतर्भाव होतो. विद्यार्थ्यास एकच कायदा नव्हे, तर अनेक कायदे समांतर शिकावे लागतात. हिंदूंसाठी १९५५–५६ मधील चार अधिनियम, मुसलमानांसाठी १९३७ व १९३९ चे अधिनियम, ख्रिस्ती व पारशी समाजांचे स्वतंत्र विवाहविषयक कायदे आणि कोणत्याही धर्माच्या व्यक्तींना उपलब्ध असणारा १९५४ चा विशेष विवाह अधिनियम हे त्यांपैकी प्रमुख होत. उत्तराखंड राज्याने २०२४ मध्ये समान नागरी संहितेचा कायदा केला व तो जानेवारी २०२५ मध्ये अंमलात आला.

हा विषय स्थिर नाही. महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने मुलींना सहदायाद म्हणून हक्क दिला, मात्र ती दुरुस्ती लागू होण्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. केंद्रीय दुरुस्तीने (२००५) हा हक्क देशभर दिला आणि तो जन्मसिद्ध असल्याने २००५ मध्ये पिता हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. एकाच मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीवरील हक्क ती केव्हा व कोणत्या राज्यात तो मागते यानुसार कसा बदलत गेला, हे समजावून देणे हा या अभ्यासपत्रिकेतील उपयुक्त पाठ ठरतो.

गोव्याचे उदाहरण याहून वेगळे आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा चालत आला असून सर्व धर्मीयांना बव्हंशी एकच कौटुंबिक कायदा लागू होतो. विवाहाच्या वेळी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते आणि जवळच्या वारसांचा हिस्सा मृत्युपत्राने डावलता येत नाही. गोव्यात अधिवास असलेल्या व्यक्तीची मिळकत मुंबईत असल्यास तिचा वारसा कोणत्या कायद्याने ठरावा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्या मिळकतीसही गोव्यात लागू असलेलाच कायदा लागू होईल व भारताने स्वीकारलेला असल्याने तो परदेशी कायदा नव्हे, असा निर्णय २०१९ मध्ये देण्यात आला.

कौटुंबिक न्यायालये अधिनियमाने (१९८४) समेटास अग्रस्थान दिले. या न्यायालयांत वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही. म्हणून समुपदेशन व मध्यस्थी यांचे प्रशिक्षण या विषयाचा आवश्यक भाग ठरते.

आंतरराष्ट्रीय कायदा : याचे सार्वजनिक व खाजगी असे दोन भाग पडतात. सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा राष्ट्रांमधील संबंधांचे नियमन करतो. त्याच्या अभ्यासाचा आरंभ सामान्यतः आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतील अडतिसाव्या अनुच्छेदापासून होतो. या अनुच्छेदात करार, प्रथा व सर्वमान्य विधितत्त्वे हे आधार आणि न्यायनिर्णय व विद्वानांची मते ही दुय्यम साधने सांगितली आहेत. नागरिकांच्या जीवनाशी या विषयाचा संबंध किती निकटचा आहे, हे कुलभूषण जाधव प्रकरणावरून दिसते. परदेशात अटक झालेल्या नागरिकाशी त्याच्या देशाच्या वाणिज्यदूतास संपर्क साधू देण्याचे १९६३ च्या व्हिएन्ना करारातील बंधन पाकिस्तानने मोडले, असा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिला व शिक्षेचा प्रभावी फेरविचार करण्यास सांगितले.

खाजगी आंतरराष्ट्रीय कायदा व्यक्तींमधील ज्या वादांत परदेशाचा संबंध येतो, त्यांचा विचार करतो. कोणत्या देशाच्या न्यायालयास अधिकारिता आहे, कोणता कायदा लागू करावा आणि परदेशी निकालास मान्यता द्यावी की नाही, हे त्यातील तीन मूलभूत प्रश्न होत. नावाने आंतरराष्ट्रीय असला, तरी तो प्रत्येक देशाच्या अंतर्गत कायद्याचा भाग असतो. भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेचे तेरावे कलम परदेशी निकाल केव्हा निर्णायक मानू नये, याची सहा कारणे देते.

व्यापारविषयक कायदा : या शाखेचा पाया भारतीय संविदा अधिनियम (१८७२) हा असून मालविक्री (१९३०), भागीदारी (१९३२) व परक्राम्य लेख (१८८१) यांविषयीचे अधिनियम त्यावर आधारलेले आहेत. परक्राम्य लेख अधिनियमाने देशी भाषांतील लेखांविषयीच्या स्थानिक रिवाजांना बाध न आणल्यामुळे हुंडीचा व्यवहार पेढ्यांच्या रूढीनुसार चालू राहू शकला. कंपनी अधिनियम (२०१३), स्पर्धा अधिनियम (२००२), नादारी व दिवाळखोरी संहिता (२०१६) आणि लवाद व समेट अधिनियम (१९९६) यांनी या विषयाचे क्षेत्र फार विस्तारले आहे. संविदेचे अध्यापन न्यायनिर्णयांच्या विश्लेषणाद्वारे करण्याची पद्धत हार्व्हर्ड विद्यापीठात लँगडेल याने १८७० नंतर रूढ केली. भारतातही ती व्याख्यानांना पूरक म्हणून वापरली जाते. तथापि संविदेचा मसुदा तयार करणे, वाटाघाटी करणे व ताळेबंद वाचणे ही कौशल्ये केवळ निर्णय वाचून साध्य होत नाहीत.

परस्परसंबंध : हिंदू एकत्र कुटुंबाची पेढी हे कौटुंबिक व व्यापारविषयक कायद्याच्या संगमाचे जुने उदाहरण होय. तिचा कर्ता करार करतो, परंतु त्याच्या अधिकाराचे मूळ भागीदारीत नसून कुटुंबातील स्थानात असते. अलीकडील उदाहरण कंपनीच्या भागांचे आहे. भागधारकाने नामनिर्देशित केलेली व्यक्ती त्याच्या मृत्यूनंतर वारसांना डावलून भागांची मालक होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. कंपनी कायद्याच्या शब्दांचा अर्थ येथे वारसाकायद्याच्या प्रकाशात लावावा लागला.

कौटुंबिक व आंतरराष्ट्रीय कायद्याचा संगम अधिक जिव्हाळ्याचा आहे. भारतात विवाह करून परदेशी गेलेला पती तेथील न्यायालयातून एकतर्फी घटस्फोट मिळवितो, असे प्रकार घडतात. अमेरिकेतील अशा एका हुकूमनाम्यास सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मान्यता नाकारली. पक्षांचा विवाह ज्या कायद्यान्वये झाला, त्याच कायद्यानुसार परदेशी न्यायालयाची अधिकारिता व घटस्फोटाची कारणे तपासावीत, हा सर्वसाधारण नियम त्या निर्णयाने घालून दिला. पत्नीने स्वेच्छेने तेथील अधिकारिता मान्य करून वाद लढविल्यास किंवा घटस्फोटास संमती दिल्यास त्यास अपवाद होतो. अपत्यास एका पालकाने परस्पर दुसऱ्या देशात नेल्यास ते परत पाठविण्यासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी झालेला नाही. त्यामुळे अशा वादांत परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घेण्याजोगा एक घटक ठरतो आणि बालकाचे हित सर्वोपरी मानले जाते.

या स्थितीशी व्यापारी वादांची तुलना केल्यास मोठा भेद दिसतो. परदेशी लवादनिवाड्यांच्या अंमलबजावणीविषयीचा १९५८ चा न्यूयॉर्क करार भारताने १९६० मध्ये अनुसमर्थित केला. १९९६ च्या अधिनियमात त्यास स्थान असून निवाडा नाकारण्याची कारणे मर्यादित व निश्चित आहेत. म्हणजे परदेशी पक्षाकडून येणे असलेल्या व्यापाऱ्यासाठी आंतरराष्ट्रीय कराराने आखलेला मार्ग आहे, तर परदेशी हुकूमनाम्यास तोंड देणाऱ्या पत्नीस दिवाणी संहितेचे एक कलम व न्यायनिर्णय यांवरच मुख्यतः अवलंबून राहावे लागते. कौटुंबिक क्षेत्रात आंतरदेशीय दत्तकविधानाविषयीचा १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये स्वीकारला, हा एक उल्लेखनीय अपवाद होय.

अभ्यासक्रमातही याचेच प्रतिबिंब पडले आहे. राष्ट्रांमधील संबंधांचा कायदा अनिवार्य, तर व्यक्तींच्या परदेशसंबद्ध वादांचा कायदा ऐच्छिक गटात आहे. परिणामी तो विषय न निवडलेल्या विद्यार्थ्यास परदेशी घटस्फोटाची ओळख कौटुंबिक कायद्याच्या तासास ओघाने झाली, तरच होते. नोकरीनिमित्त परदेशी जाणाऱ्यांची कुटुंबे महाराष्ट्राच्या लहान शहरांतही आढळतात. अशा कुटुंबातील स्त्री प्रथम सल्ला घेते तो तालुक्याच्या वकिलाचा. परदेशी न्यायालयाच्या समन्सला उत्तर द्यावे की नाही, दिल्यास कोणत्या शब्दांत, यासंबंधी मिळालेल्या चुकीच्या सल्ल्याने तिचा पुढील दावा दुर्बळ होऊ शकतो, कारण तेथील अधिकारिता तिने मान्य केली होती की नाही, यावर निकालाचे भवितव्य अवलंबून असते.

भाषेचा प्रश्नही यास जोडलेला आहे. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. परदेशी हुकूमनामे, कंपन्यांची कागदपत्रे व आंतरराष्ट्रीय करार मात्र बहुधा इंग्रजीत असतात. दोन्ही भाषांत परिभाषेचा अचूक वापर करता येणे हे वकिलाचे आवश्यक साधन होय. शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश त्यासाठी उपयोगी पडतो.

अध्यापनाच्या नव्या दिशा : मसुदालेखन, पर्यायी वादनिवारण, व्यावसायिक नीती आणि अभिरूप न्यायालय हे प्रात्यक्षिक विषय २००८ च्या नियमांनी अनिवार्य केले, तसेच महाविद्यालयांत विधिसाहाय्य केंद्र असणे आवश्यक ठरविले. प्रत्यक्ष पक्षकाराची कागदपत्रे तपासताना पोटगीचा अर्ज, परदेशातील मालमत्ता व कंपनीचे भाग हे प्रश्न एकाच वेळी उभे राहतात व विद्यार्थ्यास तिन्ही शाखांतील ज्ञान एकत्र वापरावे लागते. खाजगी आंतरराष्ट्रीय कायद्याची मूलतत्त्वे कौटुंबिक व संविदा या अनिवार्य अभ्यासपत्रिकांतच समाविष्ट केल्यास नवी अभ्यासपत्रिका न वाढविताही ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघू शकते. स्वतंत्र विषय म्हणून या शाखांचे सखोल अध्ययन आवश्यकच आहे. त्यांच्या सीमारेषांवरील प्रश्नांची जाण देणे हे मात्र विधिशिक्षणाच्या उपयुक्ततेचे खरे गमक ठरते.