मेंदूची नाइट शिफ्ट

गेल्या महिन्यात एका प्रेझेंटेशनसाठी मी रात्रभर जागले. चार मग कॉफी, चाळीस स्लाइड्स आणि सगळं कसं तोंडपाठ! सकाळी क्लायंटसमोर उभी राहिले आणि तिसऱ्याच स्लाइडला पाटी कोरी. आकडे समोर दिसत होते, पण ते कुठून आले हेच आठवेना. बॉस काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

घरी आई म्हणाली, 'परीक्षेच्या आदल्या रात्री झोप म्हणायचे, तेव्हा तरी कुठे ऐकलंस?' मग जरा वाचायला घेतलं, तर आईचा फंडा अगदी शास्त्राला धरून निघाला.

1924 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेनकिन्स आणि डॅलेनबाख या संशोधकांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला दिली. पाठांतरानंतर तेवढेच तास जागं राहिल्यावर जे आठवलं, त्याहून कितीतरी जास्त झोपून उठल्यावर आठवलं. असं का? दिवसभरात शिकलेलं आपल्या मेंदूतला हिपोकॅम्पस हा भाग तात्पुरतं धरून ठेवतो. आपण गाढ झोपलो की तो त्याची उजळणी करतो आणि ती आठवण मेंदूत पक्की होत जाते. 1994 मध्ये हे उंदरांमध्ये दिसलं. फिरताना त्यांच्या मेंदूतल्या ज्या पेशी एकत्र काम करत होत्या, त्याच झोपेतही पुन्हा एकत्र कामाला लागल्या!

थोडक्यात काय, आपण लॉगआउट केलं तरी मेंदूची शिफ्ट चालूच असते. साधारण 90 मिनिटांचं एक चक्र, अशी रात्रभरात चार-पाच. गाढ झोप जास्त करून रात्रीच्या पहिल्या भागात मिळते. पहाटेकडे 'रेम' झोप वाढते. हिचा शोध 1953 मध्ये शिकागोत जाहीर झाला. या झोपेत मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर फिरतात आणि रंगीबेरंगी स्वप्नं पडतात. भावनांचा गुंता सोडवायला ही झोप मदत करते, असं बरेच संशोधक मानतात. म्हणजे 'चारला उठून उरलेलं संपवू' म्हणताना आपण नुसती झोप कमी करत नाही, नेमकी हीच झोप कापतो. दुसऱ्या दिवशी साध्या ई-मेलवर चिडचिड होते ना, त्यात तिचाही हात असू शकतो.

आणि हो, 'वीकेंडला भरून काढू' हेही पुरतं खरं नाही. रविवारी दुपारपर्यंत लोळून थकवा जाईल, पण मंगळवारी रात्री व्हायची राहिलेली उजळणी तशीच परत होत नाही.

परवा पुन्हा प्रेझेंटेशन होतं. साडेअकराला लॅपटॉप मिटला. दोन स्लाइड्स राहिल्या होत्या, राहू दिल्या. सकाळी क्लायंटनं नेमका त्यातलाच आकडा विचारला. मला तो आठवला.