डब्याची शेगडी खरंच लाकूड वाचवते का? घरीच ताडून पाहा

पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून ‘गॅसची शेगडी’ करणारे हौशी कारागीर आता गावोगावी भेटतात. प्रत्येकजण म्हणतो, माझीच शेगडी चांगली. कोणाचं खरं मानायचं? तागडी, पातेलं आणि घड्याळ असलं की निकाल तुम्हीच लावू शकता.

आधी ही शेगडी चालते कशी ते पाहू. डबा ढलप्यांनी भरून वरून पेटवतात. खालच्या भोकांतून थोडीच हवा आत येते. त्या धगीनं लाकडातून धूर, म्हणजेच जळाऊ वायू, निघतो. वरच्या भोकांतून येणाऱ्या हवेत तो पेट घेतो आणि तळाशी कोळसा उरतो. अमेरिकेचे टॉम रीड आणि नॉर्वेचे पॉल वेंडेल्बो यांनी १९८० च्या दशकात, एकमेकांशी संबंध नसताना, ही रीत शोधली.

आता परीक्षा. एकाच बाभळीच्या वाळक्या, सारख्या आकाराच्या ढलप्या घ्या. लाकूड ओलं असेल तर त्यातलं पाणी वाळवण्यातच धग जाते. प्रत्येक शेगडीला तेच पातेलं आणि रात्रभर घरात ठेवलेलं ५ लिटर पाणी द्या. झाकण ठेवू नका. आडोशाला, वारा लागणार नाही अशा जागी बसा. लाकूड तोलून घाला. उकळी किती मिनिटांत आली ते लिहा आणि ज्योत विझेपर्यंत पाणी उकळू द्या. शेवटी उरलेलं पाणी आणि कोळसा तोला. प्रत्येक शेगडीची तीनदा परीक्षा घेऊन सरासरी काढा.

समजा, पाणी २५ अंशांवर होतं, ६०० ग्रॅम लाकूड लागलं, अर्धा लिटर पाणी आटलं आणि १०० ग्रॅम कोळसा उरला. ५ लिटर पाणी ७५ अंश तापवायला ३७५ किलोकॅलरी लागल्या. अर्धा लिटर आटवायला २७०. एकूण ६४५. वाळल्या लाकडाच्या किलोत सुमारे ४,००० किलोकॅलरी असतात, म्हणजे आपण २,४०० घातल्या. शंभरातले २७ भाग पाण्याला मिळाले. मात्र उरलेल्या कोळशात सुमारे ७०० आहेत. त्या वजा केल्या तर हिशेब ३८ वर जातो. कोळसा तुम्ही वापरणार असाल तर ३८ खरे, फेकणार असाल तर २७. शेगडी विकणारा कोणता आकडा सांगतो, ते जरूर विचारा. तीन दगडांच्या चुलीत बहुधा दहा-पंधरा भागच भांड्याला मिळतात.

एक गोष्ट जिवाची आहे. या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो माणसाचा जीव घेतो. म्हणून परीक्षा अंगणातच करा. ज्योत विझून धूर येऊ लागला की शेगडीजवळून मुलांना दूर न्या. धगधगता कोळसा घरात आणू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात विझवा.

आणि शेवटचा निकाल कागदावर लावू नका. घरातल्या माउलीला त्या शेगडीवर सगळ्यांच्या भाकऱ्या भाजू द्या. निम्म्या भाकऱ्या झाल्या आणि डबा विझला, तर ३८ भागांचं कौतुक काय करायचं? लाकूड कमी, धूर कमी आणि भाकरी पुरी, एवढं जिनं साधलं तीच शेगडी घरात ठेवा.