उन्हाळ्यातील पालवी

शाळेच्या प्रांगणातील बोधिवृक्ष, म्हणजे आपला पिंपळ, फाल्गुनात निष्पर्ण होतो आणि वार्षिक परीक्षेच्या सुमारास तांबूस, लवलवत्या पानांनी भरून जातो, हे वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकास आठवत असेल. पाऊस तर अद्याप दोन महिने दूर असतो. मग नव्या पानांसाठी पाणी येते कोठून?

पान हे झाडातील पाणी बाहेर पडण्याचे मोठे द्वार आहे. पाने गळताच हा व्यय थांबतो. खोल गेलेली मुळे जमिनीतील ओल घेत राहतात, खोडात पाणी पुन्हा साठते आणि सुप्त कळ्यांना उमलण्याचे बळ मिळते. त्यातच मार्चअखेरीपासून दिवस रात्रीहून मोठा होऊ लागतो. ही खूणही कित्येक वृक्ष ओळखतात. म्हणूनच विदर्भातील पानझडी जंगलात कुसुम भर उन्हात लाल पालवीने पेटतो आणि जूनचा पाऊस येईपर्यंत त्याची पाने कामास सिद्ध असतात. साग मात्र इतका धीट नव्हे. तो बहुधा पावसाची चाहूल लागल्यावरच पानावर येतो, पावसाळ्यात फुलतो आणि फळे हिवाळ्यात पिकवतो. ‘उन्हाळ्यात झाडे वाळतात’ असे उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने बहुधा सागच पाहिलेला असतो!

या वेळापत्रकाशी माणसाचे पोट सर्वाधिक जोडलेले आहे ते मोहाच्या बाबतीत. मार्च-एप्रिलमध्ये पाने गळालेल्या फांद्यांवर त्याची फुले रात्री उमलतात, वटवाघळे त्यांवर येतात आणि पहाटे रसाळ पाकळ्यांचा सडा पडतो. गडचिरोली-गोंदियाकडील कुटुंबे उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन निघतात. फळ पिकते ते पावसाच्या तोंडावर, आणि त्यामागे कारण आहे. मोहाचे बी फार दिवस जिवंत राहत नाही. त्यास लगेच ओली माती हवी.

अडचण येथेच आहे. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा अनेक ठिकाणी जाळला जातो. त्यात आदल्या पावसाळ्यात उगवलेली रोपे होरपळतात. उरलेले बी तेलासाठी वेचले जाते. परिणामी जुने मोह उभे दिसतात, कोवळे क्वचितच. वेचणाऱ्यांस दोष देणे सोपे आहे, परंतु वर्षाचे मीठमिरची त्या फुलांवरच चालते. काही गावांत आता झाडाखाली जाळी बांधतात. फुले मातीविना, स्वच्छ मिळतात, आगीची गरज उरत नाही, आणि जाळीखालचे वीतभर रोप दुसरा पावसाळा पाहते.