जुना राजवाडा, न्यू पॅलेस

कोल्हापूरकरांच्या बोलण्यात एक गंमत आहे. भवानी मंडपाजवळचा तो ‘जुना राजवाडा’, पण कसबा बावड्याच्या वाटेवरचा मात्र ‘न्यू पॅलेस’. ‘नवा राजवाडा’ म्हणून पाहा, समोरचा क्षणभर थबकेल आणि मग म्हणेल, ‘हां, न्यू पॅलेस होय!’ जुन्याला मराठी नाव आणि नव्याला इंग्रजी, असं का झालं असावं? फाटकातून आत शिरलं की उत्तर हळूहळू हाती लागतं.

समोर घडीव काळ्या दगडाची इमारत, तिच्या मधोमध घड्याळाचा उंच मनोरा. नजर मनोऱ्यावरून खाली उतरवली की कमानी, सज्जे, घुमट्या, नक्षीचे खांब दिसू लागतात. थोडं गुजरात-राजस्थानातल्या जैन मंदिरांचं, थोडं आपल्या वाड्यांचं आणि मनोऱ्यावर विलायती घड्याळ. ही मिसळ मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याची. कोल्हापूरचा टाऊन हॉल त्याचाच, ‘थोरला दवाखाना’ म्हणजे सीपीआरची जुनी इमारतही त्याचीच. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा मूळ आराखडाही त्यानेच केला.

कोल्हापूरच्या राजघराण्यासाठी त्याने आणखी एक वास्तू आखली, पण ती इथे नाही. दुसरे राजाराम महाराज 1870 साली विलायतेहून परतताना इटलीत फ्लॉरेन्सला वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला आणि तिथल्या उद्यानात 1874 मध्ये मँटच्या आराखड्यानुसार छत्री उभी राहिली. तिच्याखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे. संगमावरचं दहन आणि वर छत्री, हे सगळं आपल्याकडच्यासारखंच. फक्त नदी परकी.

त्यांच्या मागे गादीवर दत्तक आले ते चौथे शिवाजी महाराज, वयाने लहान. कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालला आणि त्याच काळात, 1877 मध्ये, न्यू पॅलेसचं काम सुरू झालं. भिंती वर चढत होत्या, तेव्हा ज्यांच्या नावाने राज्य चालत होतं त्या महाराजांना वेडे ठरवण्यात आलं होतं. त्यांच्या छळाच्या बातम्यांवर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने रान उठवलं. कारभारी बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि 1882 मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहून आले. महाराजांना नगरला हलवलं होतं. तिथेच 25 डिसेंबर 1883 रोजी त्यांचा अंत झाला. खुद्द मँटही 1881 मध्येच वारला होता. राजवाडा 1884 मध्ये पुरा झाला, तेव्हा आखणारा नव्हता आणि ज्याच्यासाठी आखला तोही नव्हता.

त्याच वर्षी 17 मार्चला कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा यशवंतराव दत्तक आला. तेच राजर्षी शाहू महाराज. मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखण्याचा त्यांचा हुकूम 1902 चा.

आज राजवाड्याच्या तळमजल्यावर वस्तुसंग्रहालय आहे. पोशाख, तलवारी, हत्तीवरचे चांदीचे हौदे पाहत पुढे सरकावं, तर एका दालनात पेंढा भरलेले वाघ, अस्वलं, रानडुकरं दबा धरून बसलेली. पोरं इथे आईचा पदर सोडत नाहीत. वाघाच्या काचेच्या डोळ्यांकडे बघून झालं की माझी नजर मिशांवर जाते. त्या एकेक करून बसवताना कारागिराने काय म्हटलं असेल?

पण खरा थांबा दरबार हॉल. दोन मजले उंच दालन, देवळात शोभावेत असे कोरीव खांब आणि खिडक्यांच्या रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या आयुष्यातले प्रसंग. ऊन तिरपं झालं की तांबडे-निळे कवडसे आत उतरतात. एरवी गप्पांत रंगलेली माणसं इथे आपोआप आवाज खाली आणतात. गादीची घडी विस्कटलेल्या त्या वर्षांत बांधलेल्या दालनात थोरल्या महाराजांची ही हजेरी बोलकी वाटते.

बाहेर मोठं आवार. झाडांची सावली, तळं, तळ्यात बदकं, जाळीपलीकडे हरणं. आत शिस्तीत चालवलेली पोरं इथे मोकाट सुटतात. आजीबाई पायरीवर टेकतात, डबे उघडतात. राजवाडा बघायला आलेली निम्मी मंडळी खरं तर इथेच रमतात.

परवा निघताना गावाकडून आलेल्या एका मावशींनी वरच्या मजल्याच्या खिडक्यांकडे बघत पहारेकऱ्याला विचारलं, ‘‘वर महाराज राहत्यात व्हय?’’

त्याने मान वर न करता उत्तर दिलं, ‘‘राहत्यात की!’’

मावशींनी पदर सावरला आणि खिडक्यांकडे बघून हात जोडले.