नदीतील कीटक आणि ट्राउट मासा

हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यात तीर्थन नदीच्या थंड, निर्मळ पाण्यात ट्राउट मासा राहतो. मेफ्लाय या कीटकाची पिल्ले तेथे दगडांखाली वाढतात. पंख फुटण्याच्या वेळी ती पृष्ठभागावर येतात व मासा त्यांवर झडप घालतो. तेव्हाच गळाला पिसांची कृत्रिम माशी बांधून मासा धरतात. पावसाळ्यात पाणी गढूळ झाल्यावर हा उपाय चालत नाही. विणीच्या काळात, १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर, ट्राउट धरण्यास बंदी असते.

बागेतील कीटकनाशक पाण्यात उतरल्यास ही नाजूक पिल्ले मरतात व माशांचे अन्न तुटते. सह्याद्रीच्या ओढ्यांतही मेफ्लाय असतात. यास्तव फवारणीचे पंप व डबे वाहत्या पाण्यात धुऊ नयेत, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधूंस समजावून द्यावे.